पिठाची विरी

आमच्या घरात भाकरी नवरा करतो.

हे वाक्य मी मंगळवेढ्यात पहिल्यांदा बोलले तेव्हा अंगणात वाळवणाभोवती बसलेल्या चार बायकांनी एकदम माना वर केल्या. त्यातली एक म्हणाली, "मग तू काय करतीस?" मी म्हणाले, "खाते." हसल्या सगळ्या. पण नंतर एकीने आईला हळूच बाजूला घेऊन "पोरीचं बरं चाललंय न्हवं?" असं विचारल्याचं मला कळलं.

त्यांची काळजी अगदीच निराधार नव्हती. मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं गाव. काळी, खोल, भेगाळणारी जमीन. पावसाळा सरताना पेरायचं आणि नंतर आभाळाकडे न बघता जमिनीतल्या ओलीवर पीक काढायचं, अशी इथली रब्बी. मालदांडी ज्वारी इथलीच, आणि २०१६ साली तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं गाव तेही हेच. असल्या गावात जन्माला येऊन मला भाकरी येत नव्हती. यात माझा आळस होताच, पण आईचा हट्टही होता. लहानपणी मी हौसेने परातीपाशी बसले की ती म्हणायची, "ऊठ. चुलीपाशी बसायची सवय लागली की तिथंच बसून राहशील. अभ्यास कर जा." मी अभ्यास केला. त्याचं फळ म्हणून एकतिसाव्या वर्षापर्यंत भाकरी ही मला फक्त ताटात दिसलेली वस्तू होती.

नवरा कुडाळचा. त्याच्याकडे सकाळी दहाला पेज, दुपारी भात, रात्री भात. तांदळाची भाकरी तिकडे होते, नाचणीचीही होते, पण ती करायचं काम त्याच्या आईचं, आणि खायचं याचं. थोडक्यात, लग्न झालं तेव्हा आम्हा दोघांना मिळून चहा, मॅगी आणि अंडाभुर्जी येत होती. धायरीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिले तीन महिने आम्ही डब्यावर आणि मोबाइलवरून मागवलेल्या जेवणावर काढले. डबेवाल्या काकूंचं जेवण वाईट नव्हतं, फक्त सोमवारची भाजी आणि गुरुवारची भाजी यांच्यात फरक ओळखता येत नव्हता.

मग २०२२ च्या मार्चमध्ये त्याच्या कंपनीतल्या तपासणीचा रिपोर्ट आला. अर्धे आकडे ठळक लाल अक्षरांत. डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं, "वय काय म्हणालात? एकोणतीस? मग गोळीचं नंतर बघू, आधी जेवणाचं बघा."

आम्ही जेवणाचं बघायला लागलो. म्हणजे काय, तर पुण्यातलं कुठलंही नोकरदार जोडपं जे करतं तेच केलं. ओट्स आणले. किन्वा आणला, त्याच्या किमतीत आईकडे महिन्याची ज्वारी आली असती. चिया आणलं, ते भिजवल्यावर बेडकाच्या अंड्यांसारखं दिसतं हे नवऱ्याने पहिल्याच सकाळी जाहीर केल्यामुळे मी पुन्हा खाल्लं नाही. फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक चिकटवलं. ते अकरा दिवस टिकलं.

नवरा सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून त्यांची नोंद करणं हा त्याचा धंदा. म्हणून त्याने दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक पदार्थाला शेरा द्यायला सुरुवात केली: पास, नापास, पुन्हा चाचणी. पहिलं पान अजून आहे. "ओट्सचा उपमा. चव : भिजलेला पुठ्ठा. नापास." "किन्वा पुलाव. चव : आहे असं म्हणवत नाही. नापास." "काकडी-गाजर सॅलड, रात्रीचं जेवण म्हणून. रात्री ११ ला वडापाव आणावा लागला. नापास (वडापाव पास)."

या वहीतूनच माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पौष्टिक हा शब्द आपण फक्त बेचव पदार्थाची समजूत घालायला वापरतो. पुरणपोळीत डाळ असते, गूळ असतो, वर तूप असतं. तिला कुणी पौष्टिक म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेंगदाण्याच्या चटणीला म्हणत नाहीत. पण दुधी भोपळ्याचा रस? तो हमखास पौष्टिक. आमच्या फ्रिजवरच्या कागदाच्या डोक्यावर "पौष्टिक आहार" असं लिहिलं होतं, आणि तिथेच सगळं बिनसलं होतं.

भाकरी घरात आली ती पौष्टिक म्हणून नाही, पैजेतून. एका रविवारी मी पिठलं करून पाहिलं. ते बऱ्यापैकी जमलं. आणि जमल्याच्या आनंदात मी म्हणाले, "याच्याबरोबर आता भाकरी हवी होती." तो म्हणाला, "करू की. त्यात काय आहे? पीठ, पाणी, तवा."

कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. त्यानंतर जे झालं ते वहीत एका ओळीत आहे, "भाकरी. आकार : महाराष्ट्र, विदर्भासह. नंतर विदर्भ वेगळा झाला." खरं तर मराठवाडाही वेगळा झाला होता. उचलायला गेलं की तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे. सातव्या गोळ्यानंतर मी हार मानून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने परातीत नुसतं डोकावून पाहिलं.

"पीठ कुठलं?"

"पाकिटातलं."

"कवाचं दळलेलं हाय?"

पाकिटावर तारीख होती. अडीच महिन्यांपूर्वीची.

"मग विरी गेलीया त्याची. त्याला कोण काय करणार? ब्रह्मदेव आला तरी थापायचा न्हाई."

विरी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकला असणार, पण त्या रात्री तो पहिल्यांदा कानात शिरला. पिठाचा जो चिकटपणा भाकरीला धरून ठेवतो, ती विरी. गव्हाचं तसं नसतं. गव्हात ग्लुटेन असतं, कणीक तिंबली की ती रबरासारखी ताणली जाते, लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिला धरून ठेवायला पीठ ताजं लागतं, पाणी कढत लागतं, आणि हात लागतो. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि मग मळताना तळव्याच्या टाचेने रेटून रेटून पिठाला एकजीव करायचं. हे शास्त्र नवऱ्याने त्याच रात्री दीड वाजेपर्यंत जागून शोधून काढलं आणि मला झोपेतून उठवून सांगितलं. आईला मी सकाळी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ते मला काय सांगतीस? मी तेच म्हणलं की. विरी."

पुढच्या पंधरवड्यात मंगळवेढ्याहून एसटीने ज्वारीचं पोतडं आलं. नवऱ्याने आसपासच्या गिरण्या पालथ्या घातल्या आणि एक सापडली, जिथे ज्वारीचं वेगळं जातं होतं. गिरणीवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "किती दळू?" "सगळी." "सगळी दळून काय करताय? दोन किलो दळा. आठ दिवसांनी परत या." तेव्हापासून दर आठवड्याला हा माणूस स्टीलचा डबा घेऊन, गिरणीत ओळीत उभा राहून, कोमट पीठ घरी आणतो. ताज्या दळणाचा वास काय असतो हे मला लिहून सांगता येणार नाही. डबा उघडला की स्वयंपाकघर थोडा वेळ आजीचं होतं.

आणि मग हात. हा भाग सगळ्यात लांबला. पीठ चांगलं, पाणी बरोबर, तरीही दीड महिना आमच्या भाकऱ्या मधे पातळ आणि काठाला जाड, नाहीतर काठाला चिरलेल्या. नवऱ्याने इंटरनेटवर बायकांचे भाकरी थापतानाचे व्हिडिओ पाहिले, हळू गतीने पाहिले, थांबवून थांबवून पाहिले. दोन्ही हातांवर थापण्याची पद्धत त्याने सोडून दिली आणि परातीत थापण्याची धरली. एक हात थापतो, दुसरा काठाला आधार देत भाकरी फिरवतो. ती फिरली पाहिजे, हे त्यातलं मर्म. फिरायची थांबली की खाली चिकटलीच समजा. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की, पूर्ण सुकायच्या आधी, उलटायची. आणि दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला करून विस्तवावर धरायची. हे सगळं त्याने वहीत टिपलं. पण टिपून ते येत नाही. एका बुधवारी, ऑफिसातल्या कुणावर तरी चिडून आलेला असताना, काही विचार न करता तो थापायला लागला आणि त्याची भाकरी तव्यावर टम्म फुगली. आम्ही दोघं गॅससमोर उभे राहून तिच्याकडे बघत राहिलो. वाफ सुटून ती बसेपर्यंत कुणी हललं नाही. शेरा : "पास." पुढे तीन उद्गारचिन्हं. मी तोवर शेंगांची चटणी खलबत्त्यात कुटत होते, सोलापुरी, तेल सुटेपर्यंत, ती माझी खासियत. तेवढी तरी अब्रू राखली.

कुणाला वाटेल यात प्रयोग कसला. आजी-पणजी रोज दहा माणसांच्या भाकऱ्या करत होत्या. खरं आहे. आणि म्हणूनच आजीला हे सगळं सांगताना मला जरा संकोच वाटला.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला मी म्हणाले, "आम्ही पुण्यात आता रोज भाकरी खातो." ती म्हणाली, "का गं? काय अडचण हाय?"

तिच्या हिशेबी भाकरीवरून पोळीवर गेलेलं घर पुन्हा भाकरीवर आलं म्हणजे काहीतरी बिघडलं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. रेशनला परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, लोक तिला मिलो म्हणायचे. "तिची भाकरी घशाखाली उतरत न्हवती," आजी सांगते, "पण उतरवली." कामावर पोरांना सुकडी मिळायची. गव्हाची पोळी म्हणजे सण, नाहीतर पाहुणा. माझ्या वडिलांना नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्यांनी घरात गव्हाचं पोतं आणलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगितली जाते की ते पोतं कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं हेही मला माहीत आहे.

म्हणून बाबा पहिल्यांदा पुण्याला राहायला आले तेव्हा जरा पंचाईतच झाली. जावयाने मोठ्या हौसेने गरम भाकरी, मेथीची पातळ भाजी, चटणी, ताक असं ताट वाढलं. बाबा ताटाकडे बघत राहिले. व्याह्यांच्या मुलाने आपल्याला भाकरी वाढली, तीही स्वतः थापून. याला मान समजावं की अपमान, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी भाकरी मोडली. दोन खाल्ल्या. हात धुऊन आल्यावर जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "उद्या पोळ्या कर हं."

मी पोळ्या केल्या. मला नाही वाटत की यात त्यांची काही चूक होती. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारने भरडधान्यांना श्रीअन्न असं गोंडस नाव दिलं, आणि आमच्या सोसायटीखालच्या दुकानात "मिलेट कुकीज" आल्या. पाकीट उलटं करून घटक वाचले तर सगळ्यात आधी मैदा. त्या कुकीजची किंमत आणि मिलोची भाकरी आजीने ज्या आवंढ्याबरोबर गिळली तो आवंढा, यांचा मेळ मला घालता येत नाही. मला भाकरी आवडते कारण मला ती खावी लागली नाही. एवढं स्वतःशी कबूल केलं की मग निवांत खाता येते.

कोकणाची बाजू मागे राहिली. तिच्याकडून पहिल्यांदा घरात आल्या आंबोळ्या. तांदूळ, उडीद, थोड्या मेथ्या. वाटून रात्रभर आंबवायचं. कुडाळात हे पीठ आपणहून फुगतं, तिथली हवाच आंबट आहे. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास गेला की पिठातले जीवजंतू आमच्यासारखेच पांघरुणात शिरतात. आम्ही पातेल्याला माझी जुनी शाल गुंडाळली. चढलं नाही. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं, तेव्हा कुठे जाळी पडली. मग मे महिन्यात तोच ओव्हन, तोच दिवा, तेच पातेलं, आणि सकाळी उघडून बघतो तर पीठ पातेल्यातून उतरून ओव्हनभर फिरून दाराच्या फटीतून बाहेर बघत होतं. शेरा : "अति पास."

नाचणीचंही तसंच. कुडाळच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतात. आम्ही ते एकदा केलं, अर्धा शनिवार गेला आणि हातात वाटीभर सत्त्व आलं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट, हे मला माहीत आहे. पण त्या शनिवारनंतर आम्ही सरळ नाचणीच्या पिठाची आंबील करतो, ताक, लसूण, मीठ घालून. सत्त्व कुडाळहून येतं. सासूबाईंच्या हातचं आलेलं बरं.

आता कुळथाची गोष्ट. ही सांगायची म्हणूनच खरं तर मी लिहायला बसले.

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक फळी आहे, तिच्यावर दोघांच्या माहेरच्या बरण्या. (त्याच्या घरालाही मी माहेरच म्हणते.) डावीकडे कुडाळच्या : आमसुलं, तिरफळं, कुळीथ. उजवीकडे मंगळवेढ्याच्या : काळा मसाला, शेंगदाणे, हुलगे. बरण्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या, त्याच्या सुबक अक्षरात. कुळीथ तांबूस, बारीक. हुलगे करडे-काळपट, ठिपक्या ठिपक्यांचे. दीड वर्ष या दोन बरण्या एकमेकींपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. तो कुळथाची पिठी करायचा. आधी लसूण ठेचून फोडणीला, मग कांदा, तिखट, दोन आमसुलं, आणि पाण्यात कालवलेलं भाजक्या कुळथाचं पीठ. गरम भातावर ओतायची, जमलं तर बरोबर भाजलेला सुका बांगडा. मला सर्दी झाली की मी आईने दिलेल्या हुलग्यांचं माडगं करायचे, म्हणजे हुलग्याचं भाजकं पीठ, पाणी, गूळ, सुंठ. तो माडग्याचा घोट घेऊन म्हणायचा, "चव कुठेतरी ओळखीची आहे." मी म्हणायचे, "तुला सगळंच ओळखीचं वाटतं."

मग एका रविवारी आम्ही मार्केट यार्डात भुसार बाजारात गेलो. एकाच दुकानासमोर उभं राहून मी म्हणाले, "हुलगे अर्धा किलो," आणि त्याच क्षणी तो म्हणाला, "कुळीथ एक किलो." दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग एकाच पोत्यात माप घातलं.

"दीड किलो बांधू का एकत्र?"

आम्ही दोघं त्या पोत्याकडे बघत राहिलो. घरी येऊन दोन्ही बरण्यांतले दाणे एका ताटलीत ओतले. आकार तोच, चपटा, मधे वाकलेला. रंग तेवढा वेगळा, वाण वेगळं म्हणून. दीड वर्ष एका घरात राहून आम्हाला कळलं नव्हतं की आम्ही एकच डाळ खातोय.

आनंदाच्या भरात मी दोन्ही आयांना फोन लावले. तेवढं केलं नसतं तर बरं झालं असतं. माझी आई म्हणाली, "हुलगं? अगं ते बैलाला घालायचो आम्ही. नांगरटीच्या दिवसांत भरडून, भिजवून." म्हणजे दूर कोकणातल्या व्याह्यांकडे बैलाचा खुराक पाहुण्यांना वाढतात, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण तिच्या गप्प बसण्यात ते होतं. "पण माडगं करतेस की तू," मी म्हणाले. "माडगं वेगळं. ते औषधाचं." "आणि शेंगोळ्या?" त्यावर ती जरा नरमली. "शेंगोळ्या... त्या पावसाळ्यात. त्या चांगल्या लागतात."

सासूबाईंना मी बैलाचा भाग गाळून सांगणार होते, पण नवऱ्याने सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता. "बैलाक घालतत?" मग हसू. "अरे देवा. आणि आमी पावण्यांका वाढतंव." आणि मग एकदम गंभीर होऊन, "पण बैल बरे रवतत मा? मग चांगलाच असतला."

कमी पावसाची, कमी कसाची जमीनही चालणारं हे कडधान्य. घोड्या-बैलांना घालायचं म्हणून त्याला हलकं ठरवलं गेलं, आणि त्यात वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा प्रथिनं असतात हे खाणाऱ्या बैलांना कुणी सांगितलं नव्हतं. माझी आई ज्याला बैलाचं म्हणते ते सासूबाईंकडे रोजचं. सासूबाईंनी ज्याची कधी कल्पनाही केली नसेल अशा शेंगोळ्या माझ्या आईच्या पावसाळ्यातल्या कौतुकाच्या. या शोधानंतर आमच्या घरातले प्रयोग खऱ्या अर्थाने सुरू झाले, कारण आता कुणीच परक्या स्वयंपाकघरात नव्हतं.

शेंगोळ्यांची पहिली खेप फुकट गेली. हुलग्याचं पीठ, थोडं ज्वारीचं, लसूण, जिरं, ओवा, तिखट असं घट्ट मळून, तेलाच्या हाताने लांब वळून, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. मी मळताना पाणी जास्त घातलं आणि त्या रश्श्यात विरघळून गेल्या. वहीत : "शेंगोळ्या नापास. रस्सा पास, पण त्यालाच पिठी म्हणतात." दुसऱ्या खेपेला घट्ट झाल्या, दाताला लागल्या. तिसऱ्या खेपेला, एका पावसाच्या संध्याकाळी, लाइट गेलेले असताना, तो म्हणाला, "रस्सा आपण कुडाळचा करू." म्हणून शेंगोळ्या मंगळवेढ्याच्या आणि त्या शिजल्या आमसुलं घातलेल्या नारळाच्या रसात. रस फुटू नये म्हणून शेंगोळ्या आधी पाण्यात शिजवून घेतल्या, रस शेवटी घातला, आच मंद. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो, कारण ताटं वाढेपर्यंत धीर नव्हता. आंबटसर, दाट, लसणाचा ठसका, आणि मधेच हुलग्याचा तो मातीसारखा खरपूस स्वाद. त्या पदार्थाला आम्ही नाव दिलं "कुडाळ–मंगळवेढा एसटी". अशी थेट गाडी आहे की नाही मला ठाऊक नाही. नसेल तर महामंडळाने विचार करावा.

रोज असं काही होत नाही, हेही सांगून टाकते. आठवड्यातले तीन दिवस आम्ही आठच्या पुढे घरी येतो आणि मुगाची खिचडी लावतो. महिन्यातून दोनदा बाहेरून मागवतो आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही. भांड्यांवरून भांडतो, प्रयोग म्हटला की सात भांडी जास्त आणि प्रयोग करणारा ती घासत नाही असा माझा अनुभव आहे, त्याचा उलटा आहे. सहा महिन्यांनी त्याचा रिपोर्ट पुन्हा झाला तेव्हा दोन लाल आकडे काळे झाले होते, एक तसाच होता. त्याने तो रिपोर्ट वहीत चिकटवला आणि आम्ही वडापाव खायला गेलो.

फ्रिजवरचा "पौष्टिक आहार" लिहिलेला कागद कधी पडला ते दोघांनाही आठवत नाही.

गेल्या महिन्यात आई आठ दिवस आमच्याकडे होती. तिचा उजवा मनगट दुखतोय, डॉक्टरांनी पट्टा दिलाय, थापायला बंदी केलीय. पहिल्या संध्याकाळी ती सवयीने परातीपाशी गेली, पीठ चिमटीत घेऊन बोटांत चोळून पाहिलं, "ताजं हाय," म्हणाली, आणि मग हाताकडे बघून मागे सरली. जावई पुढे झाला. आई स्टुलावर बसून बघत राहिली. लहानपणी मला तिथून उठवणारी आई. तो थापत होता, भाकरी परातीत फिरत होती, थप थप थप असा तो आवाज येत होता, आणि ती तिच्याही नकळत पट्टा बांधलेला हात मांडीवर हलवत होती.

भाकरी फुगली. त्याने ती तिच्या ताटात ठेवली आणि तपासणीला उभा राहिल्यासारखा शेजारी थांबला. आईने भाकरी उचलली, उलटी-सुलटी केली, मडकं वाजवून बघतात तसं बोटाने तिच्यावर टिचकी मारली.

"काठाला जाड राहिलीया," ती म्हणाली.

आणि तोच जाड काठ आधी मोडून, चटणीत बुडवून तोंडात घातला. नवरा वही आणायला आत गेला.